आयत्या राईवर नागोबा

“खड्डे खणतांना कोणी नव्हतें, पाणी वाहतांना कोणी नव्हतें, आतां जरा सावली पडूं लागली तर जो तो म्हणतो, राई माझी!”

हे शब्द एका बावीस वर्षांच्या पोराचे आहेत. परवां तो आमच्याकडे आला तेव्हां रागानें त्याला धड बोलतांही येत नव्हतें. त्याची हकीगत ऐकून घेतली आणि वाटलें कीं, ही कांहीं एका गांवची तक्रार नव्हे. हल्लीं गांवोगांव तरुण मंडळें माळावर झाडें लावीत आहेत. कोणी तिला देवराई म्हणतें, कोणी घनवन, कोणी स्मृतिवन. ज्या शेतकरी व कारागीर घरांतलीं पोरें या कामांत पडलीं आहेत, त्या घरांनीं ही हकीगत वाचावी म्हणून येथें देत आहों. गांवाचें नांव मुद्दाम गाळलें आहे. भांडण अजून मिटलेलें नाहीं, आणि आम्हांस तें मिटावयास हवें आहे, पेटावयास नको.

गांव दुष्काळी पट्ट्यांतलें. उत्तरेस गायरानाचा उघडा माळ. मुरुम, कुसळें आणि मधून मधून तरवड. पांच वर्षांपूर्वीं बारा पोरांनीं तेथें राई करावयाचें मनावर घेतलें. मराठ्यांचे चार, माळ्यांचे दोन, एक धनगराचा, एक रामोशाचा, एक सुताराचा, बौद्धवाड्यांतले दोन आणि मातंग वस्तीवरचा एक. जाती मुद्दाम सांगतों. कां तें पुढें कळेल. वैशाखाच्या उन्हांत त्यांनीं दोन दोन फुटांचे खड्डे खणले, महिनाभर उन्हानें तापूं दिले, तळ्यांतला गाळ, शेणखत, पालापाचोळा आणि मूठ मूठ निंबोळीची पेंड घालून भरले, आणि मृगाच्या पावसानें चांगली ओल दिल्यावर चारशें रोपें लावलीं. फोटो निघाले, नारळ फुटला, पेढे वांटले.

ही झाली सोपी गोष्ट. लागवड हा एका दिवसाचा सण आहे. पाणी घालणें हा तीन उन्हाळ्यांचा संसार आहे. हिशेबच मांडून पाहा. एका रोपाला आठवड्याला एक घागर, म्हणजे पंधरा लिटर पाणी धरा. चारशें रोपांना आठवड्याला सहा हजार लिटर झालें. फाल्गुनापासून मृगापर्यंत सोळा आठवडे धरले तर शहाण्णव हजार लिटर. हा एक उन्हाळा. असे तीन. हें पाणी माळावर आपोआप चढत नाहीं. विहीर खालीं ओढ्याकांठीं. फटफटीला दोन्ही बाजूंस कॅन बांधून, जुन्या बैलगाडीवर पिंप ठेवून, आणि गाडी मोडली त्या आठवड्यांत डोक्यावर घागरी घेऊन त्या पोरांनीं, त्यांच्या बहिणींनीं व आयांनीं तें वर नेलें. ज्या बायांना घरचें पाणी भरून कंबर सरळ करावयास सवड नाहीं, त्यांनीं झाडाचें पाणी भरलें. कुंभारानें तोंड फुटलेलीं, बाजारांत न चालणारीं मडकीं फुकट दिलीं. त्यांच्या बुडाला भोक पाडून, चिंधीची वात घालून तीं रोपांच्या मुळाशीं पुरलीं, वरून भुसकटाचें व वाळल्या गवताचें आच्छादन घातलें, तेव्हां पाणी जरा पुरवठ्याला आलें. तरीही पहिल्या उन्हाळ्यांत पुष्कळ रोपें गेलीं. तीं पुन्हां लावलीं. पुन्हां गेलीं, पुन्हां लावलीं.

आतां सरकारी लागवडीकडे पाहा. १९५० सालीं वनमहोत्सव सुरूं झाला, त्याला पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. आमच्या राज्यांत २०१६ सालच्या १ जुलैला एका दिवसांत दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प सोडला गेला. पुढें तो चार कोटींवर, तेरा कोटींवर आणि २०१९ सालीं तेहेतीस कोटींवर गेला. तेहेतीस कोटी! देवांची संख्या आणि झाडांची संख्या एक झाली. पुढें त्या झाडांची चौकशी करण्याकरितां विधिमंडळाची समिति नेमावी लागली. आम्ही म्हणतों, झाडें कोटींनीं मोजणें सोडा व घागरी मोजा. ज्या झाडाच्या नांवानें घागरी वाहिल्याची नोंद नाहीं, तें झाड लावलें असें मानूंच नये.

दुसऱ्या वर्षीं शेळ्यांचें प्रकरण उद्भवलें. एका धनगर म्हातारीच्या पांच शेळ्या आंत शिरल्या आणि एका दुपारींत वीस-पंचवीस रोपांचे शेंडे फस्त झाले. पोरें खवळलीं. चराईबंदीची पाटी लावा, म्हातारीला दंड करा, असें ठरूं लागलें. कोणी हिवरे बाजारचा दाखला दिला. तेव्हां त्यांच्यांतलाच धनगराचा पोर उठून म्हणाला, “गायरान म्हणजे गुरांचें रान. तिनें शेळ्या न्यायच्या कुठें? तुमच्या उसांत?” सगळे गप्प झाले. हिवरे बाजारांत कुऱ्हाडबंदी व चराईबंदी झाली हें खरें. पण तेथें पाणी अडविण्याचीं कामें होऊन गवत वाढलें आणि तें विळ्यानें कापून नेण्याची मोकळीक राहिली, हें सांगावयास दाखला देणारे विसरतात. विळ्याची मोकळीक न देतां केलेली चराईबंदी म्हणजे गरिबाच्या पोराच्या दुधाची बंदी.

पोरांनीं अखेर डोकें चालविलें. माळाचे दोन भाग केले. खालचा भाग झाडें शेळीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत बंद, वरचा खुला. बंद भागाभोंवतीं चर खणला, चराच्या बांधावर घायपात व सागरगोटा लावला आणि तोंवर बाभळीची काटी ओढली. बंद भागांतलें गवत कापून नेण्याचा पहिला मान शेळीवाल्या व भूमिहीन घरांतल्या बायांस. त्या म्हातारीच्या वांट्याला चार भारे आले. दुसऱ्या दिवसापासून ती राईची राखणदार झाली. तिच्या तोंडाच्या पट्ट्यापुढें गांवांतला कोणताही उनाड बैल टिकत नाहीं असें ऐकतों.

येथपर्यंत सर्व ठीक. पुढें पांचव्या वर्षीं चिंचा-जांभळें डोक्यावर गेलीं, सीताफळाला फळ धरलें, बोरीला बोरें लागलीं, आणि बिळाबिळांतून नागोबा बाहेर पडूं लागले.

पहिला नागोबा एक पुढारी. त्यानें स्वखर्चानें लोखंडी कमान देऊं केली. अट एकच, कमानीवर त्याच्या कैलासवासी वडिलांचें नांव. दुसरा नागोबा पंचायतींतला. सीताफळाचा लिलाव पुकारावा, पैसा पंचायतींत जमा करावा, असें त्यानें सुचविलें. सूचना कागदावर चांगली दिसते. पण लिलाव कोण घेणार हें पुकारण्याआधींच गांवाला ठाऊक होतें, तो त्याचाच मेहुणा. तिसरा नागोबा सर्वांत जहरी. मधल्या वडाखालीं एके सकाळीं शेंदूर फांसलेला धोंडा दिसला. आठ दिवसांत त्याला नांव मिळालें, पंधरा दिवसांत दृष्टान्त झाला, महिन्याभरांत पावतीपुस्तक छापून ‘जीर्णोद्धार समिति’ निघाली. वड पांच वर्षांचा, आणि त्याखालचा देव म्हणे पांचशें वर्षांचा! भंडारा झाला. त्या भंडाऱ्यांत मातंग वस्तीवरचा तो पोर, ज्यानें सर्वांत जास्त घागरी वाहिल्या, पंक्तींत पाणी वाढावयास उठला. त्याच्या हातांतून तांब्या काढून घेण्यांत आला. तोंडानें कोणी कांहीं बोललें नाहीं, नुसतें, “तूं राहूं दे, आम्ही वाढतों.”

चार उन्हाळे त्याच्या हातचें पाणी वडाला चाललें. वडाखालच्या पंक्तीला चाललें नाहीं.

जाती मुद्दाम सांगितल्या त्या यासाठीं. खड्डा खणतांना जात नव्हती, घागर वाहतांना नव्हती. सावली पडली, फळ धरलें, आणि जात हजर झाली. वाचक म्हणतील, भटजीचा हात असेल. नाहीं. या सगळ्या प्रकरणांत भटजी फक्त एकदां, सत्यनारायणापुरता आला आणि दक्षिणा घेऊन गेला. धोंड्याला शेंदूर लावणारे, पावतीपुस्तक छापणारे आणि तांब्या काढून घेणारे आमचेच, तुमचेच भाऊबंद. भिक्षुकशाही म्हणजे केवळ एक जात नव्हे, ती दुसऱ्याच्या घामावर पुण्य आणि पैसा काढण्याची विद्या आहे, आणि ती विद्या आमच्या लोकांनीं हल्लीं फार चांगली आत्मसात केली आहे, हें कबूल केल्याशिवाय सुटका नाहीं.

कांहीं लोक म्हणतात, देव बसविला तर झाडें तरी वांचतील. जुन्या देवराया देवाच्या धाकानेंच टिकल्या ना? ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. कोंकणांत व घाटमाथ्यावर काळकाई, वाघजाई, भैरी यांच्या नांवानें राखलेल्या राया आहेत. तेथें कुऱ्हाड चालत नाहीं, कित्येक ठिकाणीं पडलेला फाटाही कोणी उचलीत नाहीं. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत या राया फिरून पाहिल्या व त्यांचें मोल विद्वानांस पटवून दिलें. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी राईंत जुनाट वृक्ष, वेली आणि झरे टिकले, हें खरें आहे. तें आमच्याच कुणबी-धनगर-कोळी पूर्वजांचें काम आहे. त्याचें श्रेय कोणत्याही पोथीला नाहीं.

पण गोष्टीचा दुसरा अर्धाही ऐका. त्याच देवरायांतले कितीतरी वृक्ष अलीकडे कशापायीं तुटले? देवळाच्या जीर्णोद्धारापायीं! कौलारू घुमटी मोडून सिमेंटचें देऊळ बांधावयाचें, त्याला पैसा हवा, म्हणून देवाचेच वृक्ष व्यापाऱ्यास विकावयाचे. ज्या देवाच्या धाकानें रान राहिलें, त्याच देवाच्या घरासाठीं रान गेलें. धाक हा असा राखणदार आहे. तो पुजाऱ्याच्या व पंचांच्या मुठींत असतो, आणि मूठ केव्हांही उघडते. वटपौर्णिमेलाही तीच कथा. झाडाला फेरे घालण्याऐवजीं शहरांतल्या बाजारांत वडाच्या फांद्या तोडून जुड्या करून विकतात, आणि आमच्या बाया सात जन्मांची जोड मागावयास ती तोडलेली फांदी विकत घेतात. ज्या बाईनें माळावर चार उन्हाळे वडाला पाणी घातलें तिनें त्या वडाचें जेवढें केलें, तेवढें कोणत्या फेरेवालीनें केलें आहे?

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सयाजी शिंदे व त्यांच्या सोबत्यांनीं सह्याद्री देवराई उभी केली. २०२० सालच्या १३ व १४ फेब्रुवारीस तेथें वृक्षसंमेलन भरलें आणि त्याचा अध्यक्ष केला एका वडाच्या झाडाला. अध्यक्षानें भाषण केलें नाहीं. एवढ्या एका गोष्टीसाठींच तें संमेलन आम्हांस आवडलें. नांव देवराई ठेवलें तरी तेथें दर्शन आहे तें झाडाचें. झाडाला मान द्यावयाचा तर असा द्यावा. त्याच्या बुंध्याशीं धोंडा ठेवून मान धोंड्याला देऊं नये.

आतां ‘राई कोणाची’ या मूळ प्रश्नाकडे येतों. पुढारी म्हणतो, “गायरान गांवाचें आहे, पोरांच्या बापाचें नव्हे.” हें त्याचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां येत नाहीं, कारण तें खरें आहे. गायरान सरकारच्या मालकीचें, पंचायतीच्या देखरेखीखालचें आणि गुरांच्या चराईसाठीं राखलेलें असतें. घाम गाळला म्हणून जमीन पोरांची होत नाहीं. पण तसेंच कमान उभारली म्हणून ती पुढाऱ्याची होत नाहीं, आणि शेंदूर फांसला म्हणून देवाचीही होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपालसिंग खटल्याच्या निकालांत गांवच्या सामायिक जमिनींवरचीं अतिक्रमणें काढण्यास सर्व राज्यांस सांगितलें आहे. हा निकाल देवळालाही लागतो आणि कमानीलाही.

येथें एक धोक्याची घंटा वाजवून ठेवणें जरूर आहे. त्याच निकालांत भूमिहीन मजुरांस व अनुसूचित जातिजमातींस सरकारनें दिलेले पट्टे अपवाद म्हणून सांगितले आहेत. मराठवाड्यांत व अन्यत्र कित्येक दलित घरें पिढ्यानुपिढ्या गायरानाचा तुकडा कसून पोट भरतात. दादासाहेब गायकवाडांनीं १९५९ सालीं व पुढें १९६४ सालीं भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनीसाठीं. कांहीं गांवचे शहाजोग लोक ‘झाडें लावतों’ म्हणून नेमका तोच तुकडा निवडतात. पोरांनो, तुमच्या हातांत कुदळ देऊन कोणी तुम्हांला कोणाचें पोट खणावयास पाठवीत नाहीं ना, हें आधीं पाहा. ज्या तुकड्यावर चूल अवलंबून आहे तेथें राई नको. आमच्या त्या बारा पोरांनीं ओसाड मुरुमाचा माळ निवडला, ही त्यांची अक्कल.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत हीच व्यथा आहे. पूर्वीं थोडी जमीन असलेला कुणबीही जवळच्या रानांतलीं फळें, पानें, फुलें, सरपण आणून आणि गायरानावर एखाददुसरी गाय व दोनचार शेळ्या पाळून आपल्या गांवांत सुखानें राही. सरकारी जंगलखात्यानें डोंगर, दऱ्या व गायरानें कोंडून घातलीं आणि त्याचा तो आधार तोडला, असें त्यांनीं दाखवून दिलें. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी मुरवा असेंही त्यांनींच सुचविलें. म्हणजे आज जिला नवी गोष्ट म्हणून टाळ्या मिळतात, ती आमच्या घरची जुनी शिकवण आहे. फरक इतकाच कीं, जोतीरावांना रान हवें होतें तें कुणब्याच्या व कारागिराच्या चुलीसाठीं. हल्लीं रान हवें असतें तें फिरावयास, फोटोस आणि प्रमाणपत्रास.

म्हणून राईंत काय लावलें हें पाहूनच ती कोणासाठीं आहे तें ओळखावें. गुलमोहर, निलगिरी आणि गुरें ज्याला सहसा तोंड लावीत नाहींत तें गिरिपुष्प लावलें असेल, तर ती राई गांवासाठीं नव्हे. वेळूचें एक बेट लावलें तर बुरडाच्या सुपा-टोपल्यांची सोय होते. २०१७ सालच्या दुरुस्तीनें जंगलाबाहेरचा बांबू कायद्यांत ‘झाड’ राहिलेला नाहीं, त्यामुळें तो तोडण्याची भीतिही कमी झाली आहे. शिंदी असेल तर केरसुण्या होतात, घायपाताचे दोर वळतां येतात, पळसाच्या पत्रावळी लागतात, करंज व कडुनिंब तेलापेंडीला येतात. बाभळीचा नांगर आतां लोखंडी झाला, गाडीचीं चाकें रबरी झालीं, चांभाराच्या कुंडींतली बाभळीची साल व तरवड बहुतेक ठिकाणीं गेली, हें आम्हांस दिसत नाहीं असें नाहीं. पण सुताराला आजही कुऱ्हाडी-फावड्याच्या दांड्याला बाभूळच बरी वाटते, आणि हिवर-बाभळीच्या शेंगांवर धनगराचीं मेंढरें उन्हाळा काढतात. वड, उंबर, पिंपरण पांखरांसाठीं. उरलेलें बीं पांखरेंच आणून टाकतील.

श्रमदानाबद्दल दोन शब्द बोलूं, कारण येथें आमचीं पोरें फसतात. घरून डबा बांधून येणाऱ्या बागायतदाराच्या पोराचें श्रमदान आणि दिवसाची रोजंदारी बुडवून येणाऱ्या पोराचें श्रमदान सारखें नाहीं. पहिला आपली सुट्टी देतो, दुसरा आपली भाकरी देतो. शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत वेठ बंद केली. ती ‘सेवा’ हें नांव घेऊन मागल्या दारानें परत यावयास नको. साताऱ्याला भाऊराव पाटलांनीं काय केलें तें आठवा. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरूं केलें. तेथें सर्व जातींचीं व धर्मांचीं पोरें एका पंक्तीस जेवत, एकत्र राबत, आणि त्या राबण्याच्या मोबदल्यांत शिकत. कष्ट फुकट नव्हते, त्यांची किंमत विद्येनें चुकती होत होती. वडाचें झाड त्या संस्थेचें चिन्ह आहे, पण त्या वडाखालीं कोणाच्या हातांतून तांब्या काढून घेतला जात नसे. आमच्या राईंतही गवत, बोरें, सीताफळें यांचा जो पैसा होईल त्यांतून आधीं उन्हाळ्यांतल्या पाण्याची मजुरी चुकवावी, आणि ती रोजंदारीवाल्या घरांना आधीं मिळावी. बागायतदाराच्या पोरांनीं ती नाकारावी. तेवढें दान त्यांना झेपतें.

पोरांचेही कान टोंचले पाहिजेत. कमानीवरून ते एवढे संतापले, पण पहिली पाटी कोणी लावली? त्यांनींच! तिसऱ्या वर्षीं ‘अमुक ग्रुप’ म्हणून बारा जणांचे फोटो असलेला फलक माळावर उभा राहिला. त्यावर एकाही बहिणीचें नांव नाहीं, आईचें नाहीं, म्हातारीचें नाहीं, कुंभाराचें तर नाहींच. पुढाऱ्यानें तो पाहिला आणि मोठा फलक करावयास निघाला, एवढेंच. आम्ही त्या पोराला हें तोंडावर सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “काढतों.”

मग करावयाचें काय? मालकी कोणाची हा वाद सोडा, राखण कोणाची तें कागदावर आणा. गडचिरोली जिल्ह्यांतल्या मेंढा (लेखा) गावानें हेंच केलें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्या गोंड गांवास १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं आला. तो कायदा वनजमिनीचा, आपल्या गायरानाला तो जसाच्या तसा लागूं होत नाहीं. पण रीत घेण्यासारखी आहे. त्यांनीं आधीं सगळ्या गांवाला बसवून निर्णय घेतले, आणि हक्काचा कागद एखाद्या पुढाऱ्याच्या नांवें न घेतां ग्रामसभेच्या नांवें घेतला.

येत्या १ मे रोजीं त्या गांवची ग्रामसभा आहे. पोरांना आम्ही एक ठराव लिहून दिला आहे. इतर गांवच्या मंडळांनीं हवा तर तोच वापरावा. राई गायरानावरची सामायिक राखीव जागा राहील व तींत कमान, देऊळ, सभागृह, पुतळा यांपैकीं कांहींही बांधलें जाणार नाहीं. राखणीचें काम जे प्रत्यक्ष पाणी घालतात त्यांच्या समितीकडे, आणि त्या समितींत निम्म्या बाया, शेळीवालें एक घर व भूमिहीन एक घर असलेंच पाहिजे. लिलाव नाहीं, फळ-गवताची विक्री समितीनें करावी, हिशेब चावडीच्या भिंतीवर लिहावा, मजुरी आधीं चुकवावी. राईंतलें पाणी, सावली आणि पंगत सर्वांना सारखी. जो भेद करील तो राखणीवरून गेला. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें पंचायतीची जी समिति असते तिच्या नोंदवहींत राईंतलें एकेक झाड चढवून घ्यावें, म्हणजे उद्यां सौर विजेच्या पट्ट्यांसाठीं किंवा दुसऱ्या कशासाठीं कोणी माळ मागावयास आला तर तो ओसाड आहे असें कागदावर म्हणतां येणार नाहीं.

या ठरावाला हात किती वर होतील तें सांगतां येत नाहीं. पुढारी माणसें जमवील. देवळाची समिति म्हणेल, पोरें नास्तिक झालीं. त्यावर पोरांनीं वाद घालूं नये. पाण्याची वही काढून वाचावी. कोणत्या दिवशीं कोणीं किती घागरी वाहिल्या ती वही त्यांनीं पांच वर्षें ठेवली आहे, आणि तींत त्या तिन्ही नागोबांचें नांव एकदांही नाहीं. धोंड्याचा प्रश्न राहिला. तो फेंकूं नये, दंगा होईल. ज्यानें आणला त्यानें तो आपल्या परड्यांत नेऊन पुजावा, असें ग्रामसभेनें त्यास नम्रपणें सांगावें.

पोर निघाला तेव्हां ऊन उतरलें होतें. थांब, भाकरी खाऊन जा म्हटलें तर म्हणाला, आज रामोशाच्या पोराची पाळी होती, पण तो परीक्षेला गेला आहे. आपण वेळेवर गेलों नाहीं तर म्हातारी एकटीच दोन घागरी घेऊन माळ चढेल, आणि वरून शिव्या आपल्यालाच देईल.